एक शटर पडलं की

आमच्या गल्लीला एक खोड आहे. अवेळी कुणाचं शटर खडखडलं की बाकीचे कारण विचारत नाहीत. आधी आपलं ओढतात आणि मग आत बसून एकमेकांना फोन करतात, "काय झालं हो?" कधीकाळी इथे दगडफेक झाली होती, तेव्हापासूनची ही सवय. एकदा चष्मेवाल्याने आत शिरलेला उंदीर कोंडायला शटर ओढलं, तर भर दुपारी अख्खी गल्ली बंद! चष्मेवाला बाहेर येऊन ओरडतोय, "अहो, उंदीर आहे, उंदीर!" आणि ऐकायला कुणी नाही. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो.

या गल्लीत मी कपडे दुरुस्त करते. कुणाची पँट आखूड कर, कुणाची चेन बदल, सुटलेल्या पोटासाठी शर्ट सैल कर. तोंड माझं जरा फटकळ आहे, पण गिऱ्हाईक टिकून आहे. ती बाई त्यातलीच. बोलायची कमी. मुलीचा फ्रॉक आणायची, दरवेळी तोच. खालची दुमड उसवून लांब करून द्यायचा. हाताच्या बाह्या कधी वर घ्यायची नाही. मी काय समजायचं ते समजले होते, पण आपणहून विचारणार कसं?

त्या दिवशी दुपारी ती आली ती हातात बॅग घेऊन. म्हणाली, "ताई, फ्रॉक असेल तसा द्या. शाळा सुटली की तिला घेऊन तशीच निघणार आहे. बहिणीकडे. परत नाही यायचं."

"बरं करतेस," मी म्हटलं. "बस, एवढी कड घालून देते."

कड घालून व्हायच्या आतच तो आला. चांगले कपडे, भांग पाडलेला, बघून कुणी जावई करून घेईल असा. त्याने तिला दंडाला धरून रस्त्यावर ओढलं, तिच्या हातातला फोन घेऊन आपटला आणि केस धरून मान खाली दाबली. कसला आवाज नाही, शिवी नाही. सवयीचं काम केल्यासारखा मारत होता.

गल्ली बघत होती. चष्मेवाला काउंटरमागून म्हणतो कसा, "नवरा-बायकोचं दिसतंय."

"मग? नवऱ्याने मारलं की लागत नाही का?" मी ओरडले आणि हातात कात्री होती तशीच बाहेर पडले. "ए, सोड तिला! सोड म्हणते ना!"

"माझी बायको आहे," तो म्हणाला. जणू पावतीच दाखवतोय.

पण माझ्या ओरडण्याने काहीतरी हललं. खोटं कशाला बोलू? शेजारच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री बाजूला ठेवली आणि तो पायरी उतरला. चष्मेवालासुद्धा काउंटरच्या बाहेर आला. रस्त्यावरचे दोघे-तिघे जवळ सरकले. "अहो, सोडा त्यांना," कुणीतरी म्हणालं. त्याने मागे वळून बघितलं, हात सैल झाला, तेवढ्यात मी तिला खेचलं आणि दुकानात ढकललं. तिची एक चप्पल उंबऱ्यात निसटली, ती पायानेच आत घेतली. आणि दोन्ही हातांनी शटर खाली ओढलं.

शटर जमिनीला टेकतंय तोवर बाहेरून आवाज आला. खडखड. मग पलीकडून. मग समोरून. मग लांब, गल्लीच्या टोकापर्यंत एकामागून एक.

अगं बाई, मी हे काय केलं! मदतीला निघालेली माणसं मीच परत आत घातली.

तो शटरवर धडका मारायला लागला. पत्रा आत यायचा, वरून गंज पडायचा. ती मशीनच्या मागे बॅग पोटाशी धरून बसली होती. मी पोलिसांना फोन लावला, पत्ता सांगितला. "गाडी पाठवतो, दार उघडू नका," म्हणाले. मी तिला म्हटलं, "घाबरू नकोस. कितीही आपटू दे, हे काही तुटत नाही."

मग आवाज थांबला. एक बारीक खट् झालं आणि सगळं शांत.

मला बरं वाटलं. तिचा चेहरा मात्र पांढरा पडला. "ताई, तो शाळेत गेला."

"अगं..."

"तो तिला घेऊन येईल. उघडा ना. ताई, उघडा!"

मी आतली खिट्टी काढली आणि शटर उचललं. हलेना. तिनेही हात लावला. तसूभरसुद्धा नाही. आणि मग त्या खट्चा अर्थ माझ्या डोक्यात शिरला. दुकान उघडलं की आम्ही सगळे कुलूप बाहेर कडीलाच अडकवून ठेवतो. संध्याकाळी शोधायला नको. दाबलं की लागणारं कुलूप, किल्लीही लागत नाही. किल्ली माझ्या कमरेला होती आणि कुलूप त्याने बाहेरून दाबलं होतं. माझंच कुलूप!

आम्ही दोघी शटर बडवायला लागलो. मुठींनी, लाकडी पट्टीने, मशीनच्या स्टुलाने. "उघडा! अहो, कुणीतरी उघडा!" घसा फाटला. गल्ली चिडीचूप.

इस्त्रीवाल्याला फोन लावला. तो कुजबुजत म्हणाला, "ताई, अजिबात उघडू नका हं. तो अजून वाजवतोय."

"अरे, मी वाजवतेय! तो गेला! बाहेरून कुलूप घालून गेला!"

तर म्हणतो, "ताई, तो तुमच्या शेजारी उभा आहे का? धमकावून बोलायला लावतोय का? नुसतं हं म्हणा."

रडावं की हसावं कळेना. त्याचं चुकलं असं तरी कसं म्हणू? बिचारा माझीच काळजी करत होता. त्याला आईच्या, पोरांच्या शपथा घातल्या, चार शिव्या घातल्या, तेव्हा कुठे त्याला पटलं की ही मीच आहे. शिव्यांमुळे पटलं असणार.

त्याने आधी आपलं शटर वीतभर उचलून बघितलं, मग बाहेर आला. कुलूप मजबूत होतं, मीच बघून घेतलेलं. हातात दुसरं काही नव्हतं म्हणून त्याने ती जड लोखंडी इस्त्रीच कुलपावर घातली. प्रत्येक घावाला आत ती बाई डोळे मिटायची. मध्ये मी पुन्हा पोलिसांना फोन केला, म्हटलं, गाडी शाळेकडे वळवा, तो मुलीला नेतोय. तिकडून विचारलं, "तो म्हणजे कोण? वडील?"

"हो, पण..."

"बाई, बापाने शाळेतून मुलीला नेलं तर त्याला काय म्हणून अडवायचं?"

कुलूप तुटलं. शटर अर्ध्यावर गेलं नाही तोच ती खालून वाकून निघाली, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. बॅग तशीच मशीनखाली. मी चप्पल उचलून मागे धावले.

तिला फार लांब जावं लागलं नाही. गल्लीच्या टोकाकडून तो येत होता, मुलगी खांद्यावर. मुलीच्या हातात आइसक्रीम, ते त्याच्या नीट पाडलेल्या भांगात गळत होतं आणि तो हसत होता.

"आई!" मुलगी ओरडली. "बाबा आले घ्यायला!"

ती थांबली. धावायचं होतं ते सगळं संपलं होतं. तोवर शटरं वर जायला लागली होती, माणसं पायऱ्यांवर आली होती. आता सगळे होते. ज्यांना मी मघाशी घालवलं ते सगळे, पण करायचं काय? मारत कुणी नव्हतं. बाप मुलीला खांद्यावर घेऊन घरी चालला होता.

त्याने माझ्या हातातली चप्पल घेतली. "थँक्यू, मावशी." मग मुलीला खांद्यावर सांभाळत तो गुडघ्यावर बसला आणि चप्पल तिच्या पायात घातली. अगदी नीट, टाच धरून. तिची बोटं आखडली होती, ती त्याने सरळ केली.

"मिटलं वाटतं," चष्मेवाला म्हणाला.

"काय मिटलं?" मी त्याच्या अंगावर गेले. "डोळ्यांचं दुकान चालवता ना? काय मिटलेलं दिसलं तुम्हाला?" तो बिचारा मागे सरला. माझा राग त्याच्यावर नव्हता.

ती एवढंच म्हणाली, "ताई, फ्रॉक राहिलाय तुमच्याकडे. मी न्यायला येईन."

मला कळलं. येण्यासाठी तिने एक निमित्त शिल्लक ठेवलं होतं. मी म्हटलं, "ये गं. कधीही ये."

"तिला कशाला त्रास?" तो हसत म्हणाला. "फ्रॉक मी नेईन."

ती त्याच्या मागून गेली. कुणी ओढलं नाही तिला. वळणावर मुलीने गल्लीला टाटा केला आणि इस्त्रीवाल्याचा हात आपोआप वर गेला. पोलिसांची गाडी आली तेव्हा दाखवायला माझ्याकडे तुटकं कुलूप होतं. "तक्रार त्यांनी स्वतः द्यायला हवी," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. फ्रॉक घेतला, शिवण उजेडात धरून बघितली, चांगली झालीय म्हणाला. मग म्हणाला, "आणि बॅग?"

"कसली बॅग?" मी म्हटलं.

त्याने दुकानभर नजर फिरवली. माझ्या पायांपाशी ती जरा थांबली. मी मशीन चालू केलं, हातात कापड नसताना. तो हसला आणि गेला.

कुलूप मी आता आतच ठेवते. माझं बघून बाकीचेही ठेवायला लागलेत, कारण न विचारता. ती रोज मुलीला शाळेत सोडायला जाते, पण पलीकडच्या कडेने. माझ्याकडे बघत नाही. मीही हाक मारत नाही. एकदा मारून बघितली, तर मान खाली घालून पळतच सुटली. बॅग अजून मशीनखालीच आहे. पायडल मारताना रोज पायाला लागते.