थोरल्या नारिंगाचं पाणी

कुंडीला आधी ठोकायचं, मग पाणी घालायचं. त्या काचघरात हाच कायदा होता, आणि तो म्हाताऱ्या माळ्याने केलेला होता. लाकडाचा छोटा हातोडा घेऊन तो सकाळी कुंड्यांच्या रांगेतून निघायचा. कुंडी टण्ण वाजली की माती कोरडी, बद्द वाजली की ओली. विषय संपला. सगळ्या बागेत त्याला कानसेन म्हणायचे, आणि तो उलट विचारायचा, "मग? तुमचे कान काय नुसते चष्मा अडकवायला आहेत?"

हिवाळा सरत आला की या कानाची खरी परीक्षा असायची. आता बघा, बाहेर ऊन तापायला लागतं, काचेखालच्या पानांना वाटतं हंगाम आला, पण खाली कुंडीत मुळं अजून गारठलेलीच. अशा वेळी लिंबाच्या जातीला पाणी कमी पडलं तर ती सुकते, जास्त झालं तर मूळ कुजतं, आणि दोन्ही वेळा पान अगदी सारखीच मान टाकतं. नेचे बिचारे काहीही सोसतात. लिंबं, महाळुंगं, नारिंगं मात्र महा नखरेल.

म्हाताऱ्याच्या हाताखाली त्याची सूनच कामाला होती. मुलगा बस चालवायचा, त्याला झाडांचं काही सोयरसुतक नव्हतं. सून मात्र लग्न होऊन आली ती या काचघरातच रमली. 'मामंजी, हे कसं, मामंजी, ते कसं' करत आठ वर्षांत ती सगळं शिकली. फक्त थोरलं तिला जमलं नाही.

थोरलं म्हणजे मधोमध उभं असलेलं जुनं नारिंग. म्हातारा इथे कामाला लागला तेव्हाही ते म्हातारंच होतं म्हणतात. त्याची कुंडी कमरेएवढी उंच आणि चार बोटं जाड. ओली असो, कोरडी असो, सुनेला ती बद्दच ऐकू यायची. त्या बद्द-बद्दमधला फरक एकट्या म्हाताऱ्याला कळायचा. म्हणून थोरल्याला दुसऱ्या कुणी पाणी घालायचं नाही, असा कायद्यातला कायदा होता.

बागेच्या साहेबांनी एकदा सुचवलं होतं की एक वही ठेवा, कुठल्या कुंडीला कधी पाणी घातलं ते लिहीत जा. म्हाताऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "कुंडी स्वतः सांगते ना! मग लिहायचं कशाला?" साहेबांनी तेव्हा विषय सोडला, पण जाताना सुनेला म्हणाले, "यांचा कान आहे तोवर ठीक आहे. पुढे मातीत खुपसायची यंत्रं आणू, आणि मागची खोलीही मोकळी करून घेऊ." मागची खोली म्हणजे काचघर उबदार ठेवणाऱ्या बॉयलरला लागून असलेली, म्हातारा राहायचा ती. बायको गेल्यावरही त्याने ती सोडली नव्हती. मुलाच्या एका खोलीच्या घरात दोन दिवस राहिला तरी तिसऱ्या दिवशी पहाटे पिशवी उचलून परत यायचा.

आणि नेमका त्याच हिवाळ्यात त्याचा कान गेला.

सुनेला ते कळलं ते चहाच्या किटलीमुळे. किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडायला आली, आणि हा बाबा तिच्या शेजारी स्टुलावर बसून शांतपणे कात्रीला धार लावतोय! तिला आधी हसू आलं. मग दुसऱ्या दिवशी त्याने एका लिंबाच्या कुंडीला ठोकलं. कुंडी टण्ण वाजली, काचेला जाऊन आवाज लागला, आणि म्हातारा म्हणाला, "ओली आहे. चल पुढं."

तिच्या काळजात चर्र झालं. सांगायचं कसं? 'मामंजी, तुम्हाला ऐकू येत नाही' एवढंच वाक्य, पण ते म्हणजे त्या माणसाच्या हातातलं काम, डोक्यावरचं छप्पर आणि चारचौघांतला मान, सगळं एकदम काढून घेणं. तिला ते होईना. साहेबांना तर ती मेली असती तरी सांगणार नव्हती.

मग तिने मनाशी ठरवलं. दुपारी जेवल्यावर म्हातारा तासभर पडायचा. तेवढ्या वेळात ती हातोडा घेऊन सगळ्या रांगा ठोकत जायची आणि कोरड्या कुंड्यांना पाणी द्यायची. लहान कुंड्यांचा आवाज तिला चांगला कळायचा, तिथे कधी चूक झाली नाही. संध्याकाळी म्हातारा फिरायचा, पानं बघायचा, समाधानाने मान हलवायचा. तिला वाटायचं, निभलं गं बाई.

राहिलं थोरलं. तिथे कान उपयोगाचा नव्हता. तिने मातीत बोट घातलं, तर वरची माती भुसभुशीत, कोरडी. सकाळी म्हाताऱ्याने ठोकून बघितलं होतं आणि "ओली" म्हणून पुढे गेला होता. तो तर काय, सगळ्यांनाच ओली म्हणत होता! झाड तहानेने मरणार आणि आपण कायदा पाळत बसणार का? तिने एक झारी पाणी घातलं. मग दर तीन दिवसांनी एक झारी, असं चालू ठेवलं.

पंधरा-वीस दिवसांत थोरल्याची पानं गळायला लागली. पिवळी नव्हे, हिरवीगार पानं, हात लागला की खाली. तिच्या तोंडचं पाणी पळालं. पाणी कमी पडतंय अशी तिची खात्री झाली आणि तिने दोन झाऱ्या घालायला सुरुवात केली. म्हाताराही काळजीत दिसायचा. झाडाभोवती फिरायचा, खोडावर हात ठेवून उभा राहायचा, पण बोलायचा नाही. एरवी एक पान पडलं तरी घर डोक्यावर घेणारा माणूस! त्या दोघांनी तो महिना एकमेकांकडे न बघता काढला.

शेवटी फांद्यांचे शेंडे काळे पडले तेव्हा म्हातारा म्हणाला, "काढून बघू." बागेतल्या दोन हमालांना बोलावलं, कुंडी आडवी केली, फळी लावून झाड ओढलं. मातीचा गोळा बाहेर आला तसा आंबूस, कुजका वास सुटला. खालून काळं पाणी वाहिलं. म्हाताऱ्याने एक जाड मूळ चिमटीत धरलं, तर साल मोज्यासारखी निघून हातात आली. आत काही उरलं नव्हतं. हमाल टोपी काढून डोकं खाजवत राहिले आणि मग हळूच निघून गेले.

म्हातारा तिथेच मातीत बसला.

"मीच मारलं पोरी याला," तो म्हणाला. "दोन महिने झाले, मला काही ऐकू येत नाही. नुसतं ठोकत होतो. लहान कुंड्या तू सांभाळतेस, ते मला ठाऊक होतं. झारी जागेवरून हललेली दिसत होती की. मनात म्हटलं, गुणाची पोर आहे, कुठं बोलत नाही. पण थोरल्याचा आवाज तुला कळत नाही, आणि मी सांगितल्याशिवाय तू त्याला हात लावणार नाहीस, ही खात्री. मग याला कोण बघणार? म्हणून पहाटे उठून मीच अंदाजाने घालत होतो. माझा अंदाज चुकला."

सुनेला सगळं एकदम उमगलं. अंदाज कुठे चुकला होता त्याचा? पहाटेचं पाणी बरोबरच होतं. दुपारचं पाणी तिचं होतं. "मामंजी, मीपण घालत होते," ती म्हणाली. तो मुळांकडेच बघत होता, त्याला कळलं नाही. गप्प बसली असती तर हे कुणालाही कधीच कळलं नसतं. पण ती त्याच्यासमोर चिखलात गुडघ्यांवर बसली, त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि एकेक शब्द सावकाश म्हणाली, "मी पण. दुपारी. दर तीन दिवसांनी. शेवटी शेवटी दोन-दोन झाऱ्या."

त्याने तिचे ओठ नीट बघितले. त्याला कळलं. त्याचा चेहरा असा काही झाला की आता हा आपल्याला मारेल असं तिला वाटलं, आणि मारलं असतं तर तिला बरंही वाटलं असतं. पण तो म्हणाला, "हे साहेबांना सांगायचं नाही."

"पण मामंजी..."

"एका माणसाचं नाव पुरे. माझं संपलंच आहे. तुला अजून तीस वर्षं इथं काढायचीत. शपथ आहे तुला माझी."

साहेब आले ते मफलर नाकापर्यंत गुंडाळून. म्हातारा उठून उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "चूक माझी आहे साहेब. कान गेला होता, मी लपवलं. हिचा काही संबंध नाही." साहेबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. आडव्या पडलेल्या झाडाकडे बघत, मफलरातल्या मफलरात ते बोलत सुटले. म्हणाले, इतकी वर्षं या ढोंगी माणसाला डोक्यावर बसवलं. म्हणाले, हा कान बिन काही नव्हताच, नशिबाने झाडं जगत होती. म्हणाले, असला माणूस एक दिवस जास्त ठेवायच्या लायकीचा नाही, महिनाअखेरीला खोली रिकामी झाली पाहिजे, आणि ही सगळी घाण उद्या सकाळपर्यंत उचला.

सून मूग गिळून ऐकत राहिली. प्रत्येक शब्दाला तिला ओरडावंसं वाटत होतं की ते मी केलं, ते मी केलं. शपथेने तिचं तोंड बांधलं होतं, आणि खरं सांगायचं तर भीतीनेही बांधलं होतं. साहेब गेले. दार आपटलं तशा वरच्या काचा थरथरल्या.

म्हातारा तिच्याकडे वळला. "बरंच बोलले की. काय म्हणाले?"

ती म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत राहा म्हणाले खोलीत. मग आमच्याकडे या."

"ते झालं. आणखी काय म्हणाले? एवढा वेळ तोंड हलत होतं मफलरात."

तिने त्याच्यासमोर उभं राहून, त्याला नीट दिसेल असं, एकेक शब्द सुटा करत सांगितलं, "म्हणाले, झाड काय, आज ना उद्या जाणारच होतं. पण असा कान या बागेत पुन्हा व्हायचा नाही."

म्हातारा काही वेळ तिच्या ओठांकडे तसाच बघत राहिला. मग त्याने हातांची माती धोतराला पुसली.

"बघ," तो म्हणाला. "मी उगाच त्यांना नावं ठेवत होतो. माणूस वाईट नाही तो."