मेंढीचा रॉरी

त्या बंदरावर उभं राहून कुणी 'रॉरी गिलिस' अशी हाक मारली, की चार माणसं वळून बघायची आणि दुकानदाराचा कुत्रा शेपूट हलवत धावत यायचा. कॅनडातल्या केप ब्रेटनच्या त्या किनाऱ्यावर नावांचा दुष्काळच होता म्हणा ना. आजोबांचं नाव नातवाला, काकाचं पुतण्याला, आणि आडनाव बघावं तर सगळे मेले गिलिस. मग माणसं ओळखायची कशी? प्रत्येकाला एकेक टोपणनाव चिकटवलेलं. केस लाल म्हणून एक तांबडा रॉरी. दुसऱ्याच्या बापाला चर्चच्या सोडतीत घड्याळ लागलं होतं, तो घड्याळ रॉरी. तिसऱ्याचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसायचं, म्हणून तो मुका रॉरी. आणि चौथा मेंढीचा रॉरी.

हा चौथा एफीचा नवरा.

रॉरी अंगावर पीत होता त्या हिवाळ्यात बर्फानं बंदर गोठलं, मासळी नाही, बटाटे सडलेले. तेव्हा त्याच्या बापानं फादरांच्या गोठ्यातली मेंढी उचलून आणली. फादरांनी माफ केलं. गावानं मात्र माफ केलं नाही. म्हणजे गाव रागावलं नव्हतं, उलट हसलं, आणि हसता हसता नाव ठेवून मोकळं झालं. म्हातारा वारला, नाव रॉरीला आलं. तो जिथे शेवंडांचे पिंजरे टाकायचा त्या पाण्यालाही लोक मेंढीचं पाणी म्हणायचे. रॉरीला त्याचं काही वाटत नसे. त्याच्या आईला, पेगीला, तर नाहीच नाही. "मीच शिजवली ती," ती खुशाल सांगायची. "चांगली जून होती. दिवसभर चुलीवर ठेवावी लागली."

एफीला मात्र ते नाव अंगावर पाल पडल्यासारखं वाटायचं. ती पलीकडच्या गावच्या पोस्टमास्तरांची मुलगी. चोरीच्या जनावराचं नाव घेऊन संसार करायचा, हे काही तिच्या पचनी पडेना. तरी ती सोसत राहिली. पण नाताळच्या कार्यक्रमात तिचा कॉलिन कविता म्हणायला उभा राहिला आणि मागच्या बाकांवरून पोरांनी बेंऽ बेंऽ सुरू केलं. कॉलिन कविता अर्धी टाकून खाली उतरला. दुसऱ्या दिवशी एफी चर्चचा कोट चढवून धक्क्यावर गेली.

"आजपासून हे नाव ज्याच्या तोंडून ऐकेन, त्याच्याशी माझा संबंध संपला," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याला बाप्तिस्म्याचं नाव आहे. ते वापरा."

धक्क्याचा कारभार बघणारा आर्ची तेवढ्यात गमतीनं म्हणाला, "अगं, पण मेंढी काय वाईट?" तिनं सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. झालं. त्यानंतर कुणाची बिशाद. आणि घरी येऊन तिनं रॉरीला शपथ घातली, की तूही ते नाव कधी लावणार नाहीस, होडीवर नाही, वायरलेसवर नाही. रॉरी भला माणूस. बरं म्हणाला. कॉलिन पुढे मोठा झाला, खांद्यानं बापाच्या वर गेला, बापाबरोबर समुद्रावर जायला लागला, आणि ते नाव एफीच्या कानावर पुन्हा कधी आलं नाही. आपण जिंकलो असं तिला वाटायचं.

त्या वर्षी पिंजरे टाकायचा पहिला दिवस उजाडला तो जरा ढगाळच. या दिवशी सगळ्या होड्या एकदम सुटतात. ज्याच्या त्याच्या होडीवर लाकडी पिंजऱ्यांचे ढीग असे रचलेले, की चालवणाऱ्याला पुढचं दिसू नये. जड होडी पाण्यात पार बुडायला टेकलेली असते. म्हणून तर या दिवशी एकही स्वयंपाकघर होड्यांशी बोलायचा आपला वायरलेस बंद करत नाही. एफीनं खिडकीतून पाहिलं, रॉरी आणि कॉलिन धक्क्यातून बाहेर पडून उजवीकडे, दक्षिणेला वळले. तिनं हात हलवला. मग ती खारवलेला मासा भिजत घालायला वळली.

दुपारी धुकं आलं. कुंपणसुद्धा दिसेना.

पेगी चुलीपाशी गुडघ्यांवर घोंगडी टाकून बटाटे सोलत होती. फडताळावर वायरलेस खरखरत होता. मुका रॉरी कुणाला तरी आपल्या दाढेची हकीकत सांगत होता. त्याच्या मधेच एक आवाज आला, तुटक, लांबून, जणू विहिरीच्या तळातून.

"...रॉरी गिलिस बोलतोय... पंख्यात दोर अडकलाय... मागून पाणी भरतंय... रॉरी गिलिस..."

आणि खरखर.

एफीच्या हातातला मासा परत टोपात पडला. बाकी कुणाला नसेल कळलं, तिला कळलं. नवऱ्याचा आवाज खरखरीतून ओळखू येणार नाही तर कुणाचा येणार?

"आमचाच," पेगी म्हणाली. तिनं सुरी खाली ठेवली.

एकदम सगळे बोलायला लागले. मुक्यानं दाढ सोडून दिली, घड्याळ रॉरी ओरडत होता, त्यात आर्चीचा आवाज वर आला. "गप बसा सगळे. ऐकलंत ना? सांगत होतो मी त्याला, ती होडी गळते, या वर्षी लाकूड बदल. मोकळे असाल ते सगळे निघा. पिंजरे टाकून द्या, मागाहून बघू."

एफीनं वायरलेसचा माईक उचलून बोलायचं बटण दाबलं. तिची बोटं माशानं ओली होती. "आर्ची, मी एफी. तो आवाज माझ्या रॉरीचा होता."

"हो गं एफी, ठाऊक आहे," आर्ची मायेनं म्हणाला. "सगळे तुझ्या रॉरीकडेच निघालेत. तू देवाचं नाव घे आणि चहा टाक."

तिला केवढं बरं वाटलं. ती खुर्चीवर टेकली. पाणी अजून बर्फासारखं होतं, त्यात माणूस किती वेळ टिकतो हे तिथल्या बायकांना कुणी सांगावं लागत नाही, पण सगळे निघाले होते ना. तिनं चहाची किटली खरंच चुलीवर ठेवली.

मग घड्याळ रॉरी म्हणाला, "मी दीपगृह ओलांडलं. काही दिसत नाही. भोंगा वाजवत पुढे जातो."

एफी उठून उभी राहिली. दीपगृह उत्तरेला.

"आई, हे उत्तरेला का चाललेत?"

"तांबडा असतो तिकडे," पेगी म्हणाली. "गळकी होडी तांबड्याचीच. त्यांना वाटतंय तांबडा बुडतोय. आणि तू त्यांना तांबड्याची एफी वाटलीस."

होड्यांनाही नावं होती, पण ती बायकांची. आणि बायका म्हणजे फ्लोरा, एफी, नाहीतर एफी. रॉरीची होडीही 'एफी' आणि तांबड्याचीही 'एफी', दोघांच्याही बायकांचं नाव तेच. तांबडा स्वतः काम करताना वायरलेस बंद ठेवायचा, जुनी खोड. मी बरा आहे, असं सांगायला तो काही येणार नव्हता.

तिनं पुन्हा बटण दाबलं. "आर्ची, तिकडे नाही. दक्षिणेला. माझा रॉरी दक्षिणेला गेलाय."

"एफी, तुझा रॉरी जन्मात दक्षिणेला गेला नाही. तू घाबरलीस. आमच्या फ्लोराला पाठवतो तुझ्याकडे."

"मी ती एफी नाही. मी एफी गिलिस."

"मग कुठली एफी गिलिस?" खरखर वाढली होती. "जरा स्पष्ट बोल. कुणाची तू?"

एक शब्द होता. बंदरातलं शेंबडं पोरसुद्धा तो शब्द ऐकून डोळे मिटून होडी कुठे न्यायची ते सांगेल. तो शब्द तिच्या जिभेवर आला आणि तिथेच बसला. फडताळापुढे उभ्या एफीला एकेक स्वयंपाकघर दिसायला लागलं. फ्लोरा कान देऊन बसली असेल. शाळेत शिकवणारी बाई ऐकत असेल. बेंऽ करणारी ती पोरं, आता बाप्ये झालेली, होड्यांवरून ऐकत असतील. इतक्या वर्षांचं सगळं एका शब्दात जाणार.

"पोस्टमास्तरांची," ती म्हणाली. "पोस्टमास्तरांची एफी. निळ्या घरातली."

"कोण मास्तर? एफी, ऐकू येत नाही. निळं घर कुठलं, चर्चजवळचं?"

"मी मोठ्या खडकापाशी पोचलो," घड्याळ मधेच म्हणाला. "इथेही काही नाही. अजून वर जाऊ का?"

"जा," आर्ची म्हणाला.

एफीनं बटण दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं. प्रत्येक वेळी वायरलेसमध्ये टक्‌ असा आवाज व्हायचा आणि सगळे थांबायचे, आणि ती काही बोलायची नाही. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही तोंड उघडत नव्हतं. तिकडे कॉलिन आहे, ती मनात म्हणत होती, माझं लेकरू आहे तिकडे, आणि मी इथे काय करतेय?

पेगीनं दोन्ही हात खुर्चीवर रोवून उठायचा प्रयत्न केला. गुडघे काही उठले नाहीत. "दे ते इकडे," ती म्हणाली. "मी बोलते. मला कसली लाज? त्या मेंढीवर पोसलाय तो. माझ्या अंगात दूध नव्हतं, तिच्या रशानं आलं. दे."

एफीनं दिलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"मेंढीची एफी बोलतेय," ती म्हणाली. "आर्ची, ऐकतोस ना? मेंढीची. मेंढीचा रॉरी बुडतोय. माझा मेंढीचा रॉरी आणि माझा कॉलिन. मेंढीच्या पाण्यात आहेत ते. वळवा सगळ्यांना. मेंढी. मेंढी."

 मग आर्चीचा आवाज आला, त्यात माया नव्हती, नुसती घाई होती. "सगळे मागे फिरा. मेंढीच्या पाण्यात. काळ्या कपारीच्या आत बघा, भरती आहे, तो तिकडेच वाहत जाणार. जोरात."

मग वाट बघणं. किटली उकळून उकळून आटली, ती कुणी उतरवली नाही. पेगी जपमाळ ओढत होती. एफी बसली नाही. वायरलेसवर भोंगे ऐकू येत होते, कुणीतरी शिव्या देत होतं, कुणीतरी "इंजिन बंद करा, ऐकू द्या" म्हणत होतं. एकदा घड्याळ म्हणाला की पाण्यावर मोकळे पिंजरे तरंगतायत. पेगीचे मणी थांबले. त्यानंतर बराच वेळ काही नाही.

"एफी." आर्चीचा आवाज. तो अडखळला. "तुझा रॉरी सापडला. दोघंही. होडी काठापर्यंत भरलीय, पण पोरगा अजून बादलीनं पाणी उपसतोय."

एफीनं बटण दाबलं. "कुठला रॉरी ते नीट सांग, आर्ची."

तो खाकरला. त्याला ती कानाखालची आठवली असावी. "मेंढीचा," तो म्हणाला.

"हां," एफी म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

संध्याकाळी दोघं चुलीपुढे घोंगड्यात गुंडाळून बसले होते. रॉरीचे ओठ अजून निळेच होते. चहाचा कप त्याला एकट्याला धरवेना, म्हणून एफी तो धरून बसली होती. पेगी पोराच्या पायांना गरम चरबी चोळत होती आणि त्याला रागवत होती, की मोजे लोकरीचे का नाही घातलेस.

"आमचा वायरलेस मेला नव्हता गं," रॉरी म्हणाला. "बॅटरी भिजली, त्यामुळे बोलता येईना. पण ऐकू येत होतं."

एफीनं कप त्याच्या ओठांपासून मागे घेतला. "काय काय ऐकू आलं?"

"सगळं. ते उत्तरेला निघाले ते. दीपगृह ओलांडलं ते. निळं घर." तो चुलीकडे बघत होता. "ते टक्‌ टक्‌ पण. मी कॉलिनला म्हटलं, आईच आहे ती."

"मी थांबले होते," एफी म्हणाली. तिला ते चुकवायचं नव्हतं. "तोंडातून निघेचना. तुम्ही बुडत होतात आणि मी थांबले होते, रॉरी."

"बोललीस ना शेवटी."

 कॉलिन न बघताच म्हणाला, "बाबा थांबले नसते तर तुला बोलावंच लागलं नसतं. बॅटरी चालू होती तेव्हा मी ओरडत होतो, मेंढी म्हणा, मेंढी म्हणा म्हणून. दोनदा बोलले, दोन्ही वेळा नुसतं रॉरी गिलिस."

एफीनं नवऱ्याकडे पाहिलं. "का नाही म्हणालास? एवढी वेळ आली तरी? एक शब्द तर होता."

रॉरीनं तिच्या हातातून कप घेतला. दोन्ही तळव्यांनी धरला, थोडा सांडला.

"घरात वायरलेस चालू असतो ना," तो म्हणाला. "तू ऐकत होतीस."