कलम चार पुढच्या अधिवेशनात

आमचं गाव निरसित झाल्यापासून माझी थोरली बहीण विधेयक शाखेतल्या लोखंडी कपाटाच्या दुसऱ्या खणात राहते. तिसऱ्या खणात तिची शेजारीण आहे, चौथ्यात सरपंच. बाकीचं गाव उरलेल्या एकवीस कपाटांत आहे. एकूण माणसं एकशे सात. निरसित म्हणजे रद्द झालेलं, हा आमच्या विधिमंडळातल्या कारकुनांचा शब्द. एरवी तो कायद्यांना लावतात. जमीन, घरं, गुरं कुठं गेली ते कुणालाच ठाऊक नाही. माणसं तेवढी शाखेत आली, कारण माणसाच्या नावानं फाइल उघडता येते आणि एकदा ती उघडली की माणसाला फाइलपासून हातभरापलीकडे जाता येत नाही.

चूक माझी. उगाच दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. मागच्या अधिवेशनात जुने कायदे रद्द करणारं विधेयक तातडीच्या यादीत आलं. अकराला कागद माझ्या हातात, साडेअकराला सभागृहात. त्याच वेळी टेबलावर गावांच्या हद्दींची एक यादी पडली होती. तिचं शेवटचं नाव पानात मावलं नाही म्हणून एकटंच पुढच्या पानावर उतरलं होतं: मौजे उंबरसावळी. ते पान मी रद्द करायच्या कायद्यांच्या मागं टाचलं. सव्वीस वर्षं टाचण्या मारतोय, कोपरा कधी वाकडा गेला नाही. त्या दिवशीही सरळच गेला. आणि तातडीच्या विधेयकाची पानं आमच्याकडे मोजतात, वाचत नाहीत. पाच मिनिटांत विधेयक संमत झालं. मी पेन ठेवायला कपाट उघडलं तर आत अक्का.

"कोण, हणम्या? तू हितं काय करतोयस?"

"अक्का, मी इथंच नोकरीला आहे."

"मग मी हितं काय करतीय?"

भयंकर लाज वाटली. अजून वाटते.

माझ्या वरिष्ठ धारपबाई म्हणाल्या, "गव्हाळे, शुद्धिपत्रकानं काना-मात्रा दुरुस्त होते. गावासाठी विधेयक लागेल." म्हणून मी या अधिवेशनासाठी विधेयक लिहिलं. चार कलमं, चार पानं. कलम एक, गावाचं नाव. कलम दोन, जमीन आणि घरं. कलम तीन, विहिरी, देऊळ, गुरंढोरं. कलम चार, तिथं राहणारी माणसं. हा क्रम मी ठरवला नाही. आमच्याकडे तो पूर्वापार आहे. आधी नाव, मग माती, मग गुरं आणि शेवटी माणसं. बाईंनी स्वल्पविरामालाही हात न लावता सही केली.

आता घोडं कुठं अडलं ते सांगतो. सभागृहात जायला दोन वाटा आहेत. एक कॉरिडॉरची. सभागृहात कुणी हरकतीचा मुद्दा काढला की हा कॉरिडॉर तेरा फरशांनी वाढतो. पहिल्या आठवड्यातच सत्तर मुद्दे निघाले. मंगळवारी मी आमचं विधेयक घेऊन निघालो आणि दोन तासांनी परत फिरलो, कारण डबा शाखेत राहिला होता. वाटेत एक सदस्य भेटले. ते सोमवारपासून चालत होते. त्यांनी मला सभागृहात काय चाललंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, साहेब, तुमचंच नाव पुकारतायत.

दुसरी वाट खिडकीची. आमच्या शाखेच्या भिंतीत पितळी झडपेची एक खिडकी आहे. तातडीचं ठरलेलं विधेयक तिच्यातून सरकवलं की थेट अध्यक्षांच्या टेबलावर पडतं आणि पडताक्षणी संमत होतं. चर्चा नंतर सवडीनं घेतात. मात्र एका अधिवेशनात तीनच विधेयकं. दोन होऊन गेली होती, एक क्रीडांगणांच्या नावांचं आणि एक सदस्यांच्या विश्रामगृहाचं. तिसरी जागा रिकामी होती आणि ती कुणाला द्यायची यावर कामकाज समितीत सतरा दिवस भांडण चाललं होतं.

इकडे आमचं विधेयक दाखल झाल्यापासून सभागृह रोज उठायची घंटा झाली की गावकऱ्यांच्या खणांचं छत दोन बोटं खाली येई. पहिल्या दिवशी अक्का मांडी घालून बसली होती. दुसऱ्या आठवड्यात ती कुशीवर आडवी झाली. तिसऱ्या आठवड्यात तिनं स्वतःची घडी घातली, इरकली लुगड्याची घालतात तशी, काठ वर ठेवून.

"दुखतंय का गं?" मी विचारलं.

"दुखत न्हाई. पण कूस बदलाया येत न्हाई," ती म्हणाली. "तुझं ते सायब लोक कवा उठायचं?"

"शुक्रवारी पाचला अधिवेशन संपतं."

"आन् मग?"

मग कपाटांना लाखेचं सील लागतं आणि ते पाच महिन्यांनी, हिवाळ्यात, फुटतं. खण मात्र सील लागल्यावरही उतरत राहतात. हे मी तिला सांगितलं नाही. गुरुवारी संध्याकाळी मी पट्टी लावून मोजलं होतं. चार बोटं उरली होती.

शुक्रवारी दुपारी समितीची शेवटची बैठक झाली. बाई आणि मी भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसलो. सत्ताधारी पक्षाचे प्रतोद इंगवले साहेब डाव्या बाजूला, विरोधकांचे बिरादार साहेब उजव्या. दोघांनी आमचं विधेयक वाचलं होतं, हे मला कबूल केलं पाहिजे.

"उंबरसावळीच्या विधेयकाला कुणाचा विरोध आहे का?" इंगवले साहेबांनी विचारलं.

"कुणाचाच नाही," बिरादार साहेब म्हणाले.

"मग घाई कसली? विरोध नसलेलं विधेयक कधीही होऊ शकतं. तातडी लागते ती अडणाऱ्याला."

"ठीक आहे, आम्ही विरोध करतो. घ्या तातडीत."

"तुमचा विरोध खरा आहे का?"

"खरा कसा असेल? गाव माझ्याच मतदारसंघात आहे. पण आधी आमचं फळबाग विधेयक यादीत घ्या, मग खरा विरोध करू."

इंगवले साहेबांनी हरकतीचा मुद्दा काढला की, यादीत नसलेल्या विधेयकाला खोटा विरोध करता येतो का? बिरादार साहेबांनी प्रतिमुद्दा काढला की, हा मुद्दा तातडीचा आहे का ते आधी ठरवावं. बाहेर कॉरिडॉरच्या फरशा सरकल्याचा आवाज आला. दारापाशी उभा असलेला शिपाई एकदम लहान दिसायला लागला, इतका लांब गेला. दोघंही वाईट माणसं नाहीत. बिरादार साहेबांनी तर परवा कपाटाजवळ येऊन सरपंचांची चौकशी केली होती आणि त्यांना खणात केळी सरकवली होती. पण खुर्चीवर बसले की त्यांच्या अंगात काय येतं कोण जाणे.

तीन वाजता चहा आला आणि चहाबरोबर तडजोड. अर्धी जागा फळबागेला, अर्धी उंबरसावळीला.

"म्हणजे कलम एक ते तीन आज तातडीत," इंगवले साहेब म्हणाले, "आणि कलम चार नियमित मार्गानं. पुढच्या अधिवेशनात."

"मान्य," बिरादार साहेब म्हणाले. "गाव तर आलं! लोकांना काहीतरी दाखवता येईल."

मी उठून उभा राहिलो. "साहेब, कलम चारमध्ये लोकच आहेत."

कुणी वळून बघितलं नाही. समितीत अधिकाऱ्यांनी बोलायचं नसतं. इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंनी पेन उचललं नाही, म्हणजे मी बोललोच नव्हतो. मी पुन्हा म्हणालो, मोठ्यानं म्हणालो. माझा मलाच आवाज आला नाही. दोन्ही साहेबांनी एकमेकांना बिस्किटं दिली.

शाखेत आल्यावर धारपबाई म्हणाल्या, "गव्हाळे, टाचणी काढा. तीन पानं खिडकीत, चौथं माझ्याकडे."

"बाई, चौथंही टाकू या. कोण वाचतंय?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग पाठ फिरवून टाइपरायटरच्या जुन्या खोक्यात काहीतरी शोधू लागल्या. बाईंनी माझ्यासाठी एवढं कधी केलं नव्हतं. मी चारही पानं नीट टाचली आणि झडपेत सरकवली. खिडकीनं पानं मोजली. एक, दोन, तीन. चौथं पान टाचणीसकट बाहेर आलं. मी ते उलटं करून टाकलं, घडी घालून टाकलं, तिसऱ्या पानाला खळ लावून चिकटवून टाकलं. दर वेळी तेवढंच पान परत आलं, शेवटच्या वेळी खळ पुसून. त्यावर भोकंसुद्धा उरली नव्हती. मी खिडकीला शिव्या घातल्या. सव्वीस वर्षांत शाखेत पहिल्यांदा आईवरून शिवी दिली.

तीन चाळीसला सभागृहात बाकं वाजली. अक्काला ते कळलं.

"हणम्या, आलं रं घर!" ती म्हणाली. "दार उघडं हाय. न्हाणीत पाणी सांडलंय. मांजर चुलीम्होरं बसलंय बघ."

बावीस कपाटांतून आवाज यायला लागले. कुणाचा पिंपळ आला होता, कुणाची मोट. सरपंच ओरडून सांगत होते की, देवळाचा कळस सरळ आहे. माणसं हसत होती, रडत होती. लोखंडी पत्रे थरथरत होते. मी अक्काला सांगितलं की कलम चार राहिलं.

"म्हंजी घर हाय आन् आमी न्हाई," ती म्हणाली.

"पुढच्या अधिवेशनात, अक्का."

"पुढच्या म्हंजी कवा?"

"हिवाळ्यात."

"येडा का खुळा तू? तवर गुरांचं कोण बघल?"

साडेचारला धारपबाईंनी मेणबत्ती पेटवली आणि लाखेची कांडी बाहेर काढली. पहिलं कपाट खिडकीजवळचं. माझं, म्हणजे अक्काचं, सातवं. बाई एकेका कपाटाला सांगत होत्या, "जरा मागं सरा, चटका बसेल." आतली माणसं मुकाट्यानं मागं सरत होती. सील दिलेल्या कपाटातून मग आवाज येत नव्हता.

"चंद्री रेकतीय," अक्का म्हणाली.

"कोण चंद्री?"

"म्हस रं. दोन वर्सांखाली घेतली. तुला म्हाईत असायला तू आलायस कवा गावाकडं?" मग तिचा आवाज उतरला. "दुधानं कासंला तट बसलाय तिच्या. कायद्यानं गेली तवा दुभती व्हती, तशीच दुभती परत आलीय. ऐक की."

मी कान दिला. आधी पंख्याचा आवाज तेवढा आला. मग ऐकू आलं, लांबून, एका म्हशीचं रेकणं, मग दुसरीचं, मग सगळ्या गोठ्यांतून एकदम. उंबरसावळीत धारेची वेळ झाली होती आणि सगळ्या गावात एक माणूस नव्हता.

"तू जा," अक्का म्हणाली. "साडेसातची गाडी धर."

"मला धार काढता येत नाही अक्का."

"कदी शिकलाच न्हाईस."

"नाही शिकलो."

मी सतराव्या वर्षी गाव सोडलं. तिनंच गोठा सांभाळला, तिनंच माझ्या फीचे पैसे पाठवले. आणि मी तिला नेऊन कपाटात टाचलं. मला रडू आलं, आणि बाई चौथ्या कपाटाशी होत्या, तरी मी रडलो.

खणाच्या चार बोटांच्या फटीतून अक्काचे दोन्ही हात बाहेर आले. पुढं, खाली, बोटं वळवून. अंगठे आत दुमडलेले. हात एकाआड एक खाली ओढले जायला लागले, आणि माझ्या बुटावर पांढरी धार पडली. गरम होती.

"बगतोस काय?" अक्का म्हणाली. "भांडं घे."

आगीसाठी वाळू भरून ठेवलेल्या लाल बादल्या शाखेच्या भिंतीवर टांगलेल्या आहेत, चारच. मी एक काढली, वाळू फरशीवर ओतली, बादली खिशातल्या रुमालानं पुसली आणि खणाखाली धरली. धार पत्र्यावर वाजली. तो आवाज ऐकून खालच्या खणातून शेजारणीचे हात बाहेर आले. मग शेजारच्या कपाटातून. सील न लागलेल्या सगळ्या कपाटांतून हात बाहेर आले, बायकांचे, पुरुषांचे, सरपंचांचेही, आणि सगळे धार काढायला लागले. मी धावत उरलेल्या तीन बादल्या लावल्या. मग चहाची किटली लावली. मग फुलदाणी, मग माझा डबा. दूध फरशीवरून खिडकीच्या भिंतीकडे वाहायला लागलं.

धारपबाई सातव्या कपाटापाशी आल्या. त्यांची चप्पल दुधात भिजली होती. मेणबत्तीवर धरलेल्या कांडीतून लाख थेंबाथेंबानं गळत होती.

"गव्हाळे," त्या म्हणाल्या, "दार लावायला हवं."

"अक्का, झालं का गं?"

"आत्ता कुटं पान्हा सोडाया लागलीय. अर्धी बी न्हाई झाली. बाईला म्हणावं, दमानं घ्या."

"बाई, दमानं घ्या," मी म्हणालो.

बाईंनी घड्याळाकडं बघितलं आणि मेणबत्ती दुसऱ्या हातात घेतली. तेवढ्यात सभागृह उठल्याची घंटा वाजली. खण दोन बोटं खाली आला. अक्काचे हात मनगटाशी दाबले गेले, बोटं पांढरी पडली, पण धार तुटली नाही. ती आता जरा पुढं पडत होती. मी बादली पुढं सरकवली.