पुराव्याचा टीव्ही

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, चांगला शिकलेला माणूस असा कसा वागला. असाच वागला.

राखीशी माझा साखरपुडा झाला होता आणि ऐन दसऱ्याच्या दिवशी तो मोडला. दुपारी ती अंगठी परत द्यायला माझ्या फ्लॅटवर आली. का मोडतेस विचारलं, तर म्हणाली, "तू चिडलास की मी आधी दार कुठंय ते बघते, महेश. असं आयुष्यभर नाही जमणार मला." त्यावर मी चिडलो. काय काय बोललो ते इथे सांगत नाही. मध्येच तिची नजर भिंतीवरच्या टीव्हीकडे गेली. "महेश, तो हार..." एवढंच ती म्हणाली. थोड्याच वेळापूर्वी पूजा करून मी टीव्हीला झेंडूचा हार घातला होता. आमच्याकडे दसऱ्याला जे जे चालतं त्या सगळ्याला हार असतो, गाडीला, मिक्सरला, टीव्हीला. मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. "माझ्या घरातल्या वस्तूंचं तू आता काही सांगू नकोस," असं ओरडून मी तणतणत खाली टपरीवर गेलो.

पंधरा मिनिटांनी वर आलो, तर ती निघून गेली होती. अंगठी टीव्हीखालच्या फळीवर होती. शेजारी जुना पेपर पसरलेला आणि त्यावर टीव्हीवरचा हार काढून ठेवलेला. पूजेचा हार काढला! माझं डोकं सटकलं. संध्याकाळी टीव्ही लावला, तर अर्धा पडदा काळा आणि उरलेल्या अर्ध्यात वरपासून खालपर्यंत रंगीत उभ्या रेघा.

झालं. मी लगेच समोरच्या संजना वहिनींना गाठलं. त्या म्हणाल्या, "दार उघडं होतं, मी पाहिलं ना. टीव्हीपाशी उभी होती ती. हाताला ओढणी गुंडाळलेली होती." म्हणजे बघा, काच हाताला लागू नये म्हणून ओढणी! केवढी खुन्नस! काच फुटलेली नव्हती, पण ते बघायला मी भानावर होतो कुठे?

टीव्ही मी दुरुस्त केला नाही. पुरावा म्हणून भिंतीवर तसाच ठेवला. घरी कोणी आलं की पाण्याच्या ग्लासाआधी मी रिमोट उचलायचो. "हे बघा, तुमच्या राखीचे प्रताप." मित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'आमच्याकडे सोनं असं लुटतात.' सगळे हसले. मलाही तेव्हा ते फार भारी वाटलं होतं.

दिवाळी झाली आणि घोटीहून फोन आला. सावळीराम म्हणून गृहस्थ होते, भाताची गिरणी असलेले. आपल्या मुलासाठी ते राखीचं बघत होते. बिचारे अगदी अदबीनं बोलले. "दादा, राग मानू नका. तुमचा साखरपुडा मोडला, असं कळलं. मुलीत काही खोट असेल तर सांगा, आमचं एकच लेकरू आहे."

माझ्या रागामुळे मोडला, एवढे तीन शब्द होते. ते मला सांगता आले असते. मी काय म्हणालो? "मुलगी लय रागीट आहे, काका. जाताना माझा टीव्ही फोडून गेली. फोटो पाठवू?" आणि पाठवला. माझा राग मी तिच्या नावावर चढवून मोकळा झालो.

आठवड्यानं कळलं, घोटीवाल्यांनी नकार दिला. सांगायची लाज वाटते, पण त्या दिवशी मी खुशीत मिसळ खायला गेलो आणि दोनदा तर्री मागितली.

मग होळीच्या आधी गुडघ्याच्या औषधाला आई आली, माझी आई, फुलाबाई. तिला संध्याकाळची मालिका लागते. "पोरा, तू कामावर जाशील, मी का भिंतीकडं बघत बसू?" म्हणून मी द्वारका चौकाजवळचे पुंजाराम भाऊ बोलावले, टीव्हीवाले. ते टेस्टर काढेपर्यंत मी माझी कहाणी सुरू केली. कशी आली, कशी ओढणी गुंडाळली, कसा ठोसा मारला.

पुंजाराम भाऊंनी पडद्यावर बॅटरी मारली, बोट फिरवलं. "मार कुठंय पण?"

"म्हणजे?"

"मार बसला की जाळं पडतं. कोळ्याचं असतं तसं. ह्या उभ्या रेघा हायेत. हे पाण्याचं काम." टीव्ही पालथा करून त्यांनी खालची पट्टी खोलली. आत पडद्याच्या कडेला हिरवट गंज चढला होता आणि त्यात चिकटलेल्या दोन-तीन वाळक्या पाकळ्या. झेंडूच्या. चिमट्यानं काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवल्या. "वरनं पाणी गळत आलं न खाली उतरलं. कोणीतरी पुसायचा प्रयत्न केलाय, बाहेर ओघळाचा डाग नाही. पण तोवर आत गेलं होतं."

आई कॉटवरून म्हणाली, "फुलं कधी आणली होती रे?"

"आदल्या दिवशी."

"मग बादलीत भिजत घातली असशील. न तसाच निथळता हार टांगला. आरं, इलेक्ट्रिकचं काम करतो ना तू?"

हे तिनं बोलायला नको होतं. मी अंबडला कंपनीत मेन्टेनन्सचा इलेक्ट्रिशियन आहे. खंडेनवमीला मशीनची पूजा असते, तेव्हा कंपनीच्या सगळ्या विभागांत फिरून बोंबलणारा मीच. 'हार झटकून घाला रे! पॅनेलवर ओला हार दिसला तर याद राखा!' दरवर्षी. आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरी मी काय केलं? पाच महिने त्या रेघा जगाला दाखवल्या आणि एकदाही स्वतः बॅटरी मारून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर तिच्यावर चिडता आलं नसतं.

'महेश, तो हार...' गळतोय, असं ती म्हणणार होती. मी गेल्यावर तिनं हार काढला, फळी भिजू नये म्हणून खाली पेपर घातला आणि स्वतःच्या ओढणीनं टीव्ही पुसला. मी ज्या घरात तिला नको नको ते बोललो, त्या घरातला टीव्ही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"त्या घोटीवाल्यांना फोन लाव," आई म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर."

लावला. सगळं सांगितलं, हारापासून. सावळीराम काका म्हणाले, "दादा, नुसत्या तुमच्या सांगण्यावर आम्ही नकार दिला नव्हता. तुम्ही पाठवलेला फोटो घेऊन आम्ही पोरीला विचारायला गेलो होतो. ती म्हणाली, 'मी फक्त पुसला होता. पण महेश म्हणतोय, तर माझ्याच हातानं जोरात दाबला गेला असेल. तो चिडतो, पण खोटं बोलत नाही.' आम्ही समजलो, पोरीनंच कबूल केलं." पुढे ते म्हणाले, "मुलाचं लग्न झालं हो आता, माघात."

फोन ठेवल्यावर मला आईकडे बघवेना. पुंजाराम भाऊ खाली मान घालून पट्टीचे स्क्रू लावत बसले होते.

जिन्यात गेलो आणि राखीला फोन लावला. उचलणार नाही वाटलं होतं. उचलला. "बोल," म्हणाली. तिच्या आवाजात भीती होती, अजून. दार कुठंय ते बघत असेल.

"राखी, टीव्ही तू नाही बिघडवलास. हार मी ओला घातला होता. मीच."

ती अगदी हळू म्हणाली, "नक्की ना?"