खिळ्यावरची उष्टी रोटी

मी मार्गिलानच्या एका गल्लीतलं मातीच्या भिंतींचं घर बोलतंय. मला हमीद मिस्त्रीनं स्वतःच्या हातानं बांधलं. त्याच्या माघारी त्याची बायको झुलखुमोर माझी मालकीण झाली. म्हातारपणी भाड्याने जायची वेळ येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

तिचा एकुलता एक मुलगा फर्रुख रशियाला कामाला निघाला, त्या सकाळी तिनं तंदुरातली गरम रोटी त्याच्यापुढे धरली. त्यानं एक घास तोडला. उरलेली तिनं माझ्या भिंतीवर खिळ्याला टांगली. गेलेला माणूस परत येऊन ती संपवतो, अशी आमच्याकडची रीत. त्याला आता सात वर्षं झाली. दोन वर्षांपासून तर त्याचा फोनही नाही.

गुडघे धरले, तशी झुलखुमोर मुलीकडे राहायला गेली आणि मला भाड्याने दिलं. घर भाड्याने देणं तिला काय ठाऊक! किल्ली देताना रडली, लोणच्याच्या बरण्या विसरली, रोटी मात्र फडक्यात बांधून घेऊन गेली. तो रिकामा खिळा मला फार टोचायचा.

महिन्याभराने शेजारच्या तोख्ता-अतांनी तिला बाजारात गाठलं. म्हातारा तोंडाचा फटकळ.

"अक्कल गहाण टाकलीस काय गं? पोरगा ज्या घरातून गेला, रोटी त्याच घरात हवी. जावयाच्या भिंतीवर टांगून कुणाची वाट बघतेस?"

ती लेकीकडे जाऊन रोटी फडक्यात बांधून माझ्याकडे आली आणि उंबऱ्याबाहेरच थबकली. खिळ्यावर दुसरीच उष्टी रोटी होती. भाडेकरीण मुनीराचा नवरा परवाच रशियाला गेला होता.

"खाला, आत या ना. घर तुमचंच आहे."

"आता कुठलं माझं, पोरी! तुझ्या भिंतीत एक खिळा ठोकू का, एवढंच विचारायला आले."

मुनीरानं फडक्याकडे पाहिलं. "मीच ठोकते. तुम्ही बसा, गुडघे सांभाळा."

दोन्ही रोट्या शेजारी शेजारी लागल्या. दोघी चहा प्यायल्या. निघताना झुलखुमोर म्हणाली, "माझा आला, तर आधी त्याला चहा दे. मग सांग, आई बहिणीकडे आहे म्हणून."

फर्रुख, माझ्या राजा, एवढं माझं ऐक. दार अनोळखी बाई उघडेल. घर चुकलं समजून माघारी फिरू नकोस.