तिसऱ्या विभागातलं उणे

जानकू अवसरीजवळच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना गणित शिकवायचा, आणि उरलेल्या वेळात सिम्प्लेक्टिक भूमितीत संशोधन करायचा. हे दुसरं काय असतं, ते तिथल्या पेठेत एकालाही ठाऊक नव्हतं. भूमिती म्हटल्यावर लोक मोजणीचे नकाशे घेऊन यायचे, बांध कुणाचा ते सांगा म्हणून. तो बिचारा बघून सांगायचासुद्धा.

त्याची भूमिती वेगळी. तिच्यात दोन दिशांचा क्रम उलटा केला की उत्तराचं चिन्ह बदलतं. मग अधिक कुठलं आणि उणे कुठलं, हे आधी आपणच ठरवायचं. काही पुस्तकं अधिक धरतात, काही उणे. दोन्ही बरोबर, फक्त एकदा धरलेलं मध्येच सोडायचं नाही. जानकू आणि नूतन एकाच सरांकडे पीएचडी करत होते, तेव्हा दोघांनी मिळून उणे धरलं होतं. पुढं नूतन पुण्यात सॉफ्टवेअरला लागली, आणि हा गडी एकटाच एका प्रमेयामागं लागला. सहा वर्षं! लग्नाचं राहून गेलं. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं म्हणणं खोटं होईल, पण प्रमेय आता पुरं झालं होतं.

रविवारी सकाळी, जर्नलला पाठवायच्या आधी, तो आपला शोधनिबंध शेवटचा एकदा वाचायला बसला आणि तिसऱ्या विभागात अडकला. तेवढा विभाग त्यानं एका नव्या पुस्तकावरून रचला होता, आणि त्या पुस्तकात अधिक धरलेलं. इतकी वर्षं दोन पदं एकमेकांना खोडतात असं समजून तो चालला होता. कसली खोडतायत, ती दुप्पट होत होती. दुपारपर्यंत त्यानं चारदा करून पाहिलं. वर एक साधं उदाहरणच सापडलं, ज्यात प्रमेय उघड उघड खोटं ठरत होतं. आता दुरुस्ती करायलाही काही उरलं नव्हतं.

हे कळेल असं ओळखीत एकच माणूस होतं. त्यानं नूतनला फोन लावला. ती मुलीच्या वाढदिवसाच्या गडबडीत होती, तरी मायेनं बोलली, सगळं ऐकून घेतलं.

"आपण उणे धरायचो का रे?" ती म्हणाली. "मला खरंच काही आठवत नाही."

त्यानं मुलीला शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला. आता तर फारच एकटं वाटलं त्याला.

गुडघ्याच्या औषधाला म्हणून त्याची आई, चिमाबाई, डोंगरातल्या गावाहून आली होती. तिनं ताट वाढलं आणि त्याचं तोंड बघून हात थांबवला. असं तोंड तिच्या माहितीत एकाच कारणानं व्हायचं.

"कोन गेलं रं?"

कुणी नाही, असं तो सांगणार होता. तोंडातून भलतंच निघालं.

"गेलं एक. तुज्या वळखीचं नव्हतं."

"केवढं व्हतं?"

"सहा वर्सांचं."

म्हातारी मटकन खाली बसली. एवढंसं लेकरू! तिनं वाढलेलं ताट झाकलं, उठून गॅसवर पाणी तापत ठेवलं, आणि मयताची बातमी आली की घरात करतात तसं त्याला आंघोळीला पाठवलं. तो गेला. पाठीमागून टॉवेल घेऊन आलेली आई दाराबाहेर उभी राहिली आणि डोक्यावरून घे म्हणाली. त्यानं डोक्यावरून पाणी घेतलं, आणि मग त्याला रडता आलं.