काठीशिवाय सरळ कापड

"भाऊजी, लवकर या," सिंधूताई फोनवर म्हणाल्या, आणि त्याच दमात म्हणाल्या, "पण घाई करू नका." शेजारच्या बाईंच्या तोंडून या दोन्ही गोष्टी एकदम आल्या, तेव्हाच रुपरावांना कळलं की आपली बायको, गोपिका, राहिली नाही.

ते उमरेडला थोरल्या भावाकडे, मधुसूदनकडे, त्याच्या हातमागाजवळ बसले होते. गोपिकेनंच त्यांना एक प्रश्न देऊन पाठवलं होतं. विचारून झालं होतं, उत्तर मिळालं होतं, चहा यायचा होता. चहा तसाच राहिला. एसटीनं नागपूरला येऊन मनीषनगरातल्या घरी पोचेपर्यंत दारात चपलांचा ढीग लागला होता.

डॉक्टर म्हणाले, डोक्यातली रक्तवाहिनी फुटली.

"काहून फुटली?"

"सांगता येत नाही काका. असंच होते कधी कधी."

तेराव्यापर्यंत मात्र येणाऱ्या प्रत्येकाजवळ कारण होतं. कोणी म्हणे उपास फार करायची, कोणी म्हणे ऊन लागलं. एका मावशीनं तर सांगून टाकलं की बाईमाणसानं या वयात एवढं डोकं चालवूच नये. रुपरावांना यातलं काही पटलं नाही. डॉक्टरांचं तर अजिबातच नाही.

गोपिका कॉलेजात फिजिक्स शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिनं विश्वातल्या बारीक कणांवर मराठीत पुस्तक लिहायला घेतलं. रुपरावांची हयात हिंगण्याच्या कारखान्यात पंप जोडण्यात गेलेली. म्हणून तिनं नियमच केला. संध्याकाळी ते भाजी निवडत बसले की ती प्रकरण तोंडी सांगायची. ते "समजलं" म्हणाले तर पक्कं. "नाही समजलं" म्हणाले तर पुन्हा लिहायचं. बाकीची प्रकरणं पार पडली, शेवटचं अडून बसलं.

"हिग्ज नावाचा एक कण आहे जी," ती सांगायची. "त्याचं वस्तुमान तसं थोडंसंच आहे. पण हिशेब केला तं ते अफाट निघालं पाहिजे, कारण बाकीचे कण त्याले वर ओढून राहिले. तरी ते थोडंच राहते. म्हणजे एका अफाट आकड्यातून दुसरा अफाट आकडा वजा होते आणि मागे उरते चिमूटभर. समजा, खाणीतून साऱ्या वर्षाचा कोळसा निघाला, साऱ्या वर्षाचा ट्रकनं गेला, आणि मागे उरली एक चिमूट. असं आपोआप होईन काय?"

"नाही. कोणीतरी मोजून पाठवला असन."

"हेच तं!" ती टाळी वाजवायची. "सगळ्याईले हेच वाटते."

"मग कोण मोजते वं?"

"शोधून राहिले. जिनिव्हाजवळ जमिनीखाली भलं मोठं यंत्र बांधलं. वाटलं होतं, हिग्जच्या जोडीनं आणखी नवे कण सापडतीन, तेच हा हिशेब जुळवत असतीन. हिग्ज सापडला. ते अजून नाही सापडले."

"मग मले नाही समजलं."

"तुमचं डोकं म्हणजे गंजलेला नट आहे."

"तू पान्हा बदलून पाह्य."

ती खरंच बदलायची. कोळशाआधी तिनं टोकावर उभी राहिलेली पेन्सिल आणली होती. "कोणी बोटानं धरली असन," म्हणून रुपरावांनी तीही परत पाठवली होती.

तेरावं उलटून काही आठवडे गेले आणि रोशनी आली. ती गोपिकेची विद्यार्थिनी, आता स्वतः शिकवते.

"काका, प्रकाशक म्हणतात, शेवटचं प्रकरण गाळू. ते अपुरं आहे."

"गाळायचं नाही."

"मग तुम्ही समजलं म्हणा. मॅडमचा नियम मोडून मी छापाले देणार नाही."

"तिच्या माघारी खोटं बोलू काय?"

"बरं, मले कोळशाचं सांगा."

रुपरावांनी सांगितलं. मग पेन्सिलचंही सांगितलं. रोशनी ऐकत राहिली.

"एवढं नीट तं माझ्या वर्गाले सांगता येत नाही. मग समजलं काय नाही तुम्हाले?"

"मोजणारा कोण, ते."

"ते कोणालेच नाही समजलं काका! मॅडमलेही नाही. उत्तरच नाही म्हणून तुम्ही 'नाही समजलं' म्हणत होते, आणि त्या उदाहरणं बदलत होत्या."

"मग तिनं सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही कुठं अडले ते त्यांना माहीत होतं. मले म्हणायच्या, 'यांनी हो म्हटलं तं मी संध्याकाळी कोणाले सांगू?'"

रुपरावांना हसू आलं आणि लगेच चष्मा काढावा लागला. तो पुसत त्यांनी विचारलं, "आणि कारणच नाही असं निघालं तं?"

"काहीजण तसंही म्हणतात. असंच आहे, आपला प्रश्नच चुकला. काही म्हणतात, अजून शोधा. सिद्ध कोणाचंच नाही झालं."

डॉक्टरांचं बोलणं रुपरावांना आठवलं. ते आताही पटलं नाही, पण त्या माणसावरचा राग थोडा उतरला. माहीत नसलेली गोष्ट माहीत नाही म्हणाला बिचारा.

"त्या दिवशी मले उमरेडले कशाले पाठवलं होतं, माहीत आहे?" ते म्हणाले. "मागावर आडवा धागा दोन्ही काठाईले आत ओढते. कापड आक्रसते. म्हणून विणकर मधात एक काठी आडवी ताणून लावते. तिले विचारायचं होतं, काठी नसली तं किती आक्रसते. दादा म्हणे, बोटभर तं नक्की."

रोशनी सरसावून बसली. "मॅडमचं तिसरं उदाहरण!"

"हो ना." रुपराव सावकाश बोलत होते. "इथंही धागे ओढूनच राहिले, तरी समोर कापड सरळ आहे. सगळे काठी शोधून राहिले. काठी दिसत नाही."

"मग?"

"मग काय? समजलं."

"हे तुम्हीच लिहा."

"मी? मी साध्या अर्जापलीकडे काही लिहिलं नाही पोरी."

"आता बोललात तसंच लिहा. मले समजलं तं पक्कं."

प्रकाशकानं थांबायचं कबूल केलं आहे. कोळसा आणि पेन्सिल गोपिकेच्या शब्दांत, जसेच्या तसे जातील. मागाचं उदाहरण रुपरावांनी अजून लिहिलेलं नाही; लिहून झालं तं संध्याकाळी सांगायले काय उरन, म्हणतात.